पाण्याखालच्या सुप्याचा नकाशा

मोबाइलवरच्या कुठल्याही नकाशात जोयडा तालुका शोधला, की आधी डोळ्यांत भरतो तो चहूकडं फाटे फुटलेला निळा पसारा. सुपा धरणाचं ते पाणी. काळी नदीवर गणेशगुडीजवळ बांधलेलं हे धरण १०१ मीटर उंच आहे. १९८७ साली ते पूर्ण झालं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव, तालुक्याचं मुख्य ठाणं, त्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, तालुक्यालाही पुढं तेच नाव पडलं, आणि बरीच कुटुंबं रामनगरला जाऊन राहिली. माझं आजोळ सुप्याचं.

आजच्या नकाशात ज्याचा ठिपकाही नाही, त्या गावाच्या गोष्टी ठेवायच्या कुठं? या विचारातून आम्ही काही जणांनी आमचा स्वतःचा नकाशा सुरू केला. जागेवर बोट टेकवलं की तिथली आठवण उघडते. कधी चार ओळी, कधी जुना फोटो, कधी सांगणाऱ्याचा आवाज. ‘यूमॅप’ नावाचं मोफत साधन आम्ही वापरतो. त्याच्या तळाला ओपनस्ट्रीटमॅप असतो, म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला आणि जगभरच्या लोकांनी हातानं भरत आणलेला नकाशा. आज जमिनीवर जे आहे तेवढंच त्यात नोंदवायचं, असा त्याचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. बुडालेली वाट कुणा प्रवाशाला दाखवून कसं चालेल? मोडलेल्या, बुडालेल्या जागांसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा निराळा प्रकल्प आहे. आम्हाला जागांबरोबर माणसांचं बोलणंही हवं होतं, म्हणून तळ ओपनस्ट्रीटमॅपचा आणि वरचा थर आमचा, अशी मांडणी केली.

पहिली खरी बैठक रामनगरात झाली, आईच्या मावशीच्या घरी. तिला मी आजीच म्हणते. वय ऐंशीच्या पुढं. समोर लॅपटॉप ठेवला तर ती बराच वेळ त्या निळ्याकडं बघत राहिली. “एवढं पाणी? यात सुपं कुठं शोधायचं गं?” अमेरिकी लष्करानं १९५०च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यातला आमच्या भागाचा नकाशा मी आजच्या नकाशावर बसवून नेला होता. पण त्याचं प्रमाण अडीच लाखास एक. त्यात सुपा म्हणजे एक बारीक खूण आणि शेजारी नाव. आजीला त्यातून काहीच उमगेना.

मग मी तिला जलाशयाचे फाटे दाखवले. पाणी चढताना आधी नद्या-ओढ्यांच्या खोऱ्यांतच शिरतं, त्यामुळं फाट्यांचा आकार जुन्या प्रवाहांच्या वळणानंच राहतो. एका फाट्यावर तिनं बोट ठेवलं. “ही पांढरी.” दुसऱ्यावर ठेवलं, “आणि ही काळी येते.” जिथं दोन्ही बोटं भेटली तिथून पुढं तिला कुणी विचारायची गरजच उरली नाही. बाजार कुठल्या अंगाला भरायचा, नदीकडं उतरणारी वाट कुठून सुटायची, त्या वाटेवरच्या चिंचेखाली डोक्यावरचं ओझं उतरवून बायका कशा टेकायच्या, कचेरीत कामाला आलेली लांबच्या गावची माणसं कुणाच्या ओसरीवर रात्र काढायची. मी खुणा करत गेले, ती दुरुस्त करत गेली. “अगं, एवढं लांब नाही. घरातून हाक मारली तर ऐकू यायचं.” मीटरचा हिशेब मी तिथंच सोडून दिला. हाकेचं अंतर हेच आमच्या त्या थराचं माप ठरलं आणि टिपणात तसं लिहून ठेवलं.

यूमॅपमध्ये अलीकडं ज्या सोयी आल्या, त्यांतली चाळणी आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. प्रत्येक खुणेला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने दिले, की वर्षांप्रमाणं खुणा गाळून पाहता येतात. धरणाच्या आधीची वर्षं निवडली की निळ्यावर सुपा उभं राहतं. कॅसलरॉक स्थानकाच्या बाबतीत तर ही चाळणी फारच बोलकी ठरते. मुरगावहून येणारी रेल्वे १८८८ साली तिथवर पोचली. पलीकडं पोर्तुगीजांचा गोवा, अलीकडं इंग्रजांचा मुंबई इलाखा. १९५६पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात आला. गोव्याची ती सीमा १९६१च्या डिसेंबरात उठली. त्याच फलाटावरची, पण वेगवेगळ्या राजवटींतली माणसं आपापल्या आठवणी सांगतात, आणि साल कळलं नाही तर त्या सगळ्या एकमेकींत मिसळून जातात.

आवाजाच्या सोयीसाठी मी फार आग्रही होते. आमच्या तालुक्यातल्या कुणबी घरांतलं बोलणं मराठी, कोकणी, कन्नड अशा सगळ्यांना स्पर्श करत जातं, आणि मी ते प्रमाण मराठीत उतरवलं की बोलणाऱ्याचा सूर हरवतो. म्हणून लिहिलेल्या टिपणाखाली त्या माणसाच्या आवाजाचा दुवा असतोच. कोने आणि मुडली हे कंद परसात कसे लावायचे, रानडुकरापासून कसे राखायचे, हे त्याच तोंडून ऐकावं. जोयड्यातल्या कंदमेळ्यात हे कंद पाहून जाणाऱ्यांना त्यामागची मेहनत दिसत नाही.

खरा पेच मात्र जागा दाखवण्याचाच पडला. अणशीकडच्या एका गावात एका वडीलधाऱ्यांनी आग्यामोहोळाची आणि देवाच्या रानाची गोष्ट फार मन लावून सांगितली. संपल्यावर म्हणाले, “गोष्ट घाल. जागा घालू नको.” हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या छायेतला. कुठं मध आहे, कुठं औषधी मुळी आहे, हे बोटाच्या टोकाएवढ्या अचूकतेनं जगाला सांगितलं तर उद्या तिथं कोण पोचेल याचा नेम नाही. जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर दुर्मिळ प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. नकाशावरची खूण मूळ जागेपासून कित्येक किलोमीटर लांब पडू शकते. आम्ही तेच तत्त्व घेतलं. अशा गोष्टींना खूण न करता मोठं क्षेत्र आखायचं, अख्खं खोरं कवेत घेणारं.

काही गोष्टी तर गावाबाहेर जायलाच नकोत. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये मातावाई लोकांसाठी, म्हणजे गुलामीतून पळून जंगलात वसलेल्यांच्या वंशजांसाठी, ‘टेरास्टोरीज’ नावाचं साधन तयार झालं. त्यात कुठली कथा सर्वांना आणि कुठली फक्त आपल्या माणसांना, हे समाजच ठरवतो. शिवाय ते इंटरनेटशिवाय चालतं. आमच्याकडं डिग्गीच्या बाजूला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तेव्हा या दुसऱ्या गुणाचं मोल मला वेगळं सांगायला नको. तूर्त आम्ही दोन नकाशे ठेवले आहेत: एक सर्वांसाठी खुला आणि दुसरा फक्त संपादन करणाऱ्यांना दिसणारा. कुठली गोष्ट कुठल्या नकाशात जाईल ते सांगणारा माणूस ठरवतो, आणि उद्या त्याचं मन बदललं तर आम्ही ती काढून टाकतो.

सध्या वाद चालू आहे तो होमस्टेच्या खुणांवरून. काळी नदीवरच्या राफ्टिंगमुळं गणेशगुडीच्या परिसरात पर्यटक वाढले आहेत, आणि गावातल्या काही तरुणांना आपल्या होमस्टेची खूण नकाशावर हवी आहे. त्यांचं पोट त्यावर आहे, हे मला पुरतं मान्य आहे. तरी मी विरोधात आहे. तशा खुणांसाठी इतर नकाशे भरपूर आहेत. या नकाशावर एकदा दर आणि फोन नंबर आले की आजीची चिंच शोधायला कुणी खाली बघणार नाही. तोडगा म्हणून मी त्यांना सुचवलं आहे, की तुमच्या आजोबांनी त्या जागेबद्दल काय सांगितलं ते आधी रेकॉर्ड करून आणा, खूण त्या गोष्टीची पडेल आणि खाली तुमच्या घराचं नाव राहील. दोघांनी होकार दिला आहे, बाकीचे कबूल व्हायचे आहेत. पावसाळ्यात रानातली कामं अडली की पुढची बैठक जोयड्यात घ्यायची ठरली आहे.