गावकीची पेटी

मुंबईतील लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, वरळी या भागाला पूर्वी सारे ‘गिरणगाव’ म्हणत. नकाशात या नावाचे गाव तुम्हांला सापडणार नाही. पण लक्षावधी माणसांचे ते खरेखुरे गाव होते. 1856 साली कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी ताडदेव येथे चालू झाली. तिच्यामागून एकेक गिरणी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरू लागली. माझे वडील त्यांपैकीच एक. संगमेश्वर तालुक्यातून ते आले आणि एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या मागावर, काम करू लागले. माझा जन्म 1960 सालचा. माझे सारे बालपण डिलाईल रोडवरील एका चाळीत गेले.

आमच्या चाळीत घड्याळे थोडी होती. पण वेळ कोणाचीही चुकत नसे. गिरणीचा भोंगा झाला, की पहिल्या पाळीची माणसे डबे घेऊन लगबगीने निघत आणि रात्रपाळीची माणसे डोळे चोळीत परत येत. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. साचेखात्यात शेकडो मागांचा खडखडाट एकसारखा चाले. तेथे शब्द ऐकू येत नसल्यामुळे कामगार हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. पुढे ती सवय त्यांच्या अंगवळणी पडे. चाळीच्या सज्जाच्या या टोकाला उभे राहून बाबा त्या टोकाच्या सोबत्याशी मुक्यानेच गप्पा मारीत. आम्हां मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. आम्हीही ती खुणांची भाषा शिकलो. दुपारी रात्रपाळीचे लोक झोपलेले असत, तेव्हा आमचे गोट्यांचे डाव याच भाषेत चालत.

आमची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब होती. नळ आणि मोरी साऱ्या मजल्यात मिळून एकच. समोर आमच्या गावच्या माणसांची ‘गावकीची खोली’ होती. बायकामुले गावी ठेवून आलेले बारा जण तीत राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, एवढाच संसार. एका पाळीचा माणूस उठून गेला, की दुसऱ्या पाळीचा त्याच जागी अंथरूण पसरी. जेवण त्यांना शेजारच्या मावशींच्या खाणावळीत मिळे. मावशींना लिहिता येत नव्हते. त्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून प्रत्येकाचा हिशेब ठेवीत, आणि पगाराच्या दिवशी तो हिशेब चुकता होई. अशा खाणावळवाल्या स्त्रियांना पुढे 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली.

गावकीच्या खोलीत, देवांच्या तसबिरीखाली, एक पत्र्याची पेटी असे. पगार झाला, की प्रत्येक गावकरी तीत थोडे पैसे टाकी. कोणाचे आजारपण, कोणाचे मर्तिक, गावच्या देवळाची डागडुजी, अशा कामांसाठी ती पेटी उघडत. पेटीविषयीचा कोणताही निर्णय रविवारच्या बैठकीत होई. मुलांनो, हा रविवारही कामगारांना सहज मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून त्यासाठी खटपट केली, तेव्हा 1890 साली मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी सुरू झाली.

1972 साली मी सातवीत असताना बाबांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण अंगात शक्ती उरली नाही. तीन महिने ते अंथरुणाला खिळून होते. कामगार विम्याचे थोडे पैसे मिळत. पण त्यांत घर चालेना. वाण्याची उधारी वाढली. आई लोकांच्या घरी पापड लाटायला जाऊ लागली. एके रात्री तिने मला जवळ घेऊन म्हटले, “बाळा, आता एखाद्या दुकानात काम बघायला हवं.” मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पुस्तकांना घातलेली वर्तमानपत्राची वेष्टने काढू लागलो. कारण जुनी पुस्तके विकली, की चार पैसे मिळत.

ही गोष्ट गावकीच्या कानी गेली. त्या रविवारी बैठक बसली. गावकीतील सर्वांत वडील गृहस्थांना आम्ही ‘अण्णा’ म्हणत असू. ते आईला म्हणाले, “वहिनी, साच्यावर एक धागा तुटला, तर आम्ही साचा थांबवून तो जोडतो. धागा तुटला म्हणून सबंध कापड कोणी फेकून देत नाही. पोराला शाळेतून काढू नका.”

त्या दिवशी ठरले, की वर्ष संपेपर्यंत बारा जणांनी दरमहा एकेक रुपया जास्त काढावा. मावशींनी आपल्या वतीने रोज रात्रीची भाकरी पाठवली. मी पुस्तकांना पुन्हा वेष्टने घातली. पुढे बाबा कामावर रुजू झाले आणि पैसे परत करण्यासाठी गेले. अण्णांनी ते हाती घेतले नाहीत. “पेटीत टाक,” एवढेच ते म्हणाले. पुढच्या वर्षी त्याच पैशांतून दुसऱ्या एका मुलाची पुस्तके आली.

मोठेपणी वाचनातून मला कळले, की अशा पेट्या जगात इतरत्रही होत्या. ब्रिटनमधील वेल्स प्रांताच्या दक्षिण भागात कोळशाच्या खाणींची खोरी होती. तेथील खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून थोडे थोडे पैसे काढून वाचनालये उभारली. ट्रेडेगर या गावी त्यांनी औषधोपचारासाठी सामाईक निधी जमवला. त्याच गावचा, खाणकामगाराचा मुलगा अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि 1948 साली त्याने साऱ्या देशासाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. तेथे कोळसा होता, आमच्याकडे कापूस. पण माणसांची रीत एकच.

परंतु पेटीची ताकद अमर्याद नसते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. माझ्या पगारातील वाटा मीही पेटीत टाकीत असे. पण साऱ्यांचेच पगार थांबल्यावर पेटीत घालणार कोण? काही महिन्यांत ती रिकामी झाली. संप वर्षाहून अधिक काळ चालला. गावकीच्या खोलीतील ट्रंका एकामागून एक एस. टी. च्या टपावर चढल्या. अनेकांना पुन्हा कधी काम मिळाले नाही. हळूहळू गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि धुराड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या.

गिरणगावातील कुटुंबे पांगली. कोणी गावी परतली, कोणी डोंबिवली, विरार, पनवेल या बाजूंना गेली. मी आज पनवेलजवळ सुकापूर येथे राहतो. येथेही नव्या इमारतींत दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे शेजारी म्हणून राहतात. घरे आता पुष्कळ सुखसोयींची आहेत. प्रत्येक घरात स्वतंत्र नळ आहे. पाण्यासाठी रांगेत उभे राहण्याचे कष्ट संपले, हे चांगलेच झाले. गरिबीची आठवण गोड करून सांगावी, असे मला वाटत नाही. त्या खोल्यांत हाल होते, आजार होते आणि उद्याची काळजीही होती.

मात्र त्या हालांतही आमच्या माणसांनी शेजाऱ्याच्या मुलाचे शिक्षण हे आपले काम मानले. मी छत्तीस वर्षे शिकवले आणि अखेरीस मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. त्या साऱ्या वर्षांची मुळे बारा माणसांच्या एकेका रुपयात आहेत. पत्र्याची ती पेटी आता कोठे आहे, कोण जाणे! पण पेटी ही केवळ पत्र्याची नसते. शेजारच्या घरात एखादा धागा तुटला आहे, हे ज्याला दिसते आणि जो तो जोडण्यासाठी क्षणभर थांबतो, त्याच्यापाशी ती असतेच.