मुळेच्या पाण्यामागून

नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही तिघे मित्र पाठीवर पिशव्या टाकून कोकणात निघालो. चाळिशी उलटलेल्या माणसांनी असे निघावे की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. ती येथे देत नाही. बेत साधा होता. एस.टी., मिळेल ती गाडी आणि आपले पाय यांच्या भरवशावर मुळशी, ताम्हिणी करीत श्रीवर्धनचा समुद्र गाठायचा.

सोबत्यांपैकी एक गणिताचे प्राध्यापक, दुसरा बँकेत. बँकवाल्याच्या पिशवीत शेंडीचा एक नारळ होता. त्याची आजी मुळशी धरणाखाली गेलेल्या एका गावची. गाव बुडाले तेव्हा ती परकरात होती. पुढे जन्मभर, शेजारी कुणाकडे आंबेमोहोर शिजला की ती नाक उडवून म्हणे, "आमच्या रानातला न्हाई!" ती केव्हाच गेली. तिच्या लेकीने, म्हणजे मित्राच्या आईने, ऐंशी पुरी झाल्यावर मुलाला सांगितले, "तिच्या गावावर एक नारळ सोडून ये. तेवढंच राह्यलंय माझं."

'सेनापती' ही पदवी बापटांना मुळशीने दिली, हे हल्ली वर्गात सांगावे लागते. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळे शेतकरी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. पन्नासाच्या आसपास गावांवर पाणी फिरायचे होते. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि कितीतरी मावळे तुरुंगात गेले. तीन वर्षे लढा चालला, आणि धरण झालेच. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या नि त्यांना मोबदल्याचा मोह पडला, ही गोष्ट आम्हा पुणेकरांनी फार मोठ्याने सांगण्याजोगी नाही.

काठी पोचलो. पाणी समोर दिसत होते. हाताला मात्र येईना. इथे तारेचे कुंपण, पुढे बंगल्याची भिंत, त्याच्याही पुढे फाटक आणि पहारेकरी. त्याला नारळ दाखविला. तो बिचारा ओशाळला. तोही जवळच्याच वाडीचा निघाला. पण फाटक काही उघडले नाही. "वरच्या रस्त्यावरून फेकू या का?" असे मी विचारले, आणि मित्राने माझ्याकडे असे पाहिले की विचारले नसते तर बरे झाले असते.

ताम्हिणीचे वर्णन पावसाळ्यात जाणाऱ्याने करावे. आम्ही धुळीतून मुकाट्याने उतरलो. विळ्याला चहा घेताना गणिती एकदम म्हणाले, "अहो, पण मुळशीचं पाणी बहुतेक पुण्याकडे येतच नाही! मुळा मूळची पूर्वेची. भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला जाणारी. या लोकांनी तिला पश्चिमेला वळवली. डोंगराच्या पोटातून बोगदा. सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि मग कुंडलिकेत. १९२७ पासून चाललंय हे."

"आणि कुंडलिका?"

"रेवदंड्याला समुद्रात."

बँकवाल्याने बशी खाली ठेवली. श्रीवर्धन तिथेच बारगळले. माणगावचा रस्ता सोडून आम्ही भिऱ्याकडे, उजवीकडे वळलो.

कोलाडला रात्र काढली. वीजघरातून पाणी सुटले की कुंडलिका एकाएकी भरून येते. सकाळी ती तशी आली, आणि नारिंगी जाकिटे घातलेली शहरातली मुले रबरी होड्यांतून किंचाळत तिच्यावर स्वार झाली. मित्र काठावर उभा राहून पाहत होता. "इथेच सोडतोस?" गणितींनी विचारले. "गर्दी आहे," तो म्हणाला.

रोह्याहून सहा आसनी रिक्षात दहाजण बसून रेवदंडा गाठले. पोर्तुगिजांचे पडके कोट, सुरूची झाडे, वाळत घातलेल्या मासळीचा वास. खाडीपलीकडे कोर्लई, तिथली काही कुटुंबे पोर्तुगीजपासून निपजलेली 'नौ लिंग' आजही घरात बोलतात. भाषेच्या मास्तराला तिथे दोन दिवस राहायचे होते, पण नारळ आधी.

ओहोटी लागली होती. मित्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला. जाळे निवडीत बसलेली एक कोळीण ओरडली, "अरं दादा, नारली पुनव कवाच झाली!"

"आजीचा आहे," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "मंग आनखी आत जा. हितनं परत येल."

तो कमरेइतक्या पाण्यात गेला.