परकी पत्रे

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, असे आईने लहानपणी शिकवले. आणि तिच्याच मुलाच्या नशिबी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लोकांची पत्रे वाचण्याची नोकरी आली! पत्रे म्हणजे अर्थात ई-मेल. विद्यापीठावर कुणी दावा लावला, की त्या प्रकरणातला पत्रव्यवहार संगणकांतून शोधून वकिलांच्या हवाली करायचा, हे माझे काम.

इथल्या दिवाणी कायद्याची रीत मोठी नामी आहे. सुनावणीपूर्वीच दोन्ही पक्षांनी आपली कागदपत्रे एकमेकांना दाखवायची. संघराज्याच्या न्यायालयांत १९३८ पासूनचा हा शिरस्ता. २००६ साली संगणकातला मजकूरही त्यात स्पष्टपणे आला. खटल्याची चाहूल लागताच आमची सूचना जाते : काहीही पुसू नका! प्रतिपक्षाला मिळू नये म्हणून मुद्दाम पुसलेला मजकूर पुसणाऱ्याला प्रतिकूलच होता असे धरून चाला, असे ज्यूरीला सांगण्याची मुभा २०१५ च्या नियमाने न्यायाधीशांना दिली आहे.

मग विद्वानांची तारांबळ पाहावी! प्राध्यापकांचा मजकूर थोडा विद्यापीठाच्या यंत्रात, थोडा घरच्या लॅपटॉपवर, थोडा खिशातल्या फोनवर. एका वृद्ध प्राध्यापकांनी मला विचारले, "माझ्या पत्नीच्या आजाराची पत्रेही तुम्ही वाचणार?" मी म्हटले, "नाही सर. ठरलेली नावे, तारखा आणि शब्द लावून चाळायचे. चाळणीत राहील तेवढेच वाचायचे." वकिलाशी केलेली सल्लामसलत वगळली जाते. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचे कवच आहे. समन्स आले तरी सहसा आधी विद्यार्थ्याला कळवावे लागते.

तरीही पुष्कळ काही उघड्यावर येते. हार्वर्डच्या प्रवेशांवरचा खटला २०१८ साली बोस्टनमध्ये चालला, तेव्हा देणगीदारांशी संबंध असलेल्या उमेदवारांविषयी अधिकाऱ्यांनी आपसांत लिहिलेली पत्रे भर न्यायालयात मांडली गेली. लिहिताना त्यांना वाटले असेल, वाचणारा एकटाच आहे!

अशा गोष्टी ऐकून काहीजण लिहायचेच सोडतात. "समक्ष बोलू," म्हणतात. मला त्याचे वाईट वाटते. दावा लावणारी पुष्कळदा एखादी एकटीदुकटी विद्यार्थिनी असते, किंवा नोकरी गेलेला शिक्षक. विद्यापीठापाशी वकील, इमारती, दबदबा. त्यांच्यापाशी कुणीतरी लिहिलेले एखादे वाक्य, आणि तेही आमच्याच यंत्रात पडलेले! ते सापडले, की मी मुकाट्याने यादीत घालतो. आपण खाल्ल्या मिठाला जागलो नाही, असे त्या वेळी मला कधीच वाटत नाही. सत्यशोधनासाठी जी संस्था उभी राहिली, तिने आपले दप्तर तरी उघडून दाखवावे.