शौलाकडे गेलेला हनन्या

ख्रिस्तश्रद्धेने माणूस आमूलाग्र पालटतो, असे आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून वारंवार सांगतो आणि दाखला देतो तो संत पौलाचा. दिमिष्काची वाट, आकाशातून पडलेला प्रकाश आणि भूमीवर कोसळलेला शौल! चित्रकारांनाही हाच प्रसंग प्रिय. परंतु 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा नववा अध्याय सावकाश वाचावा. त्या प्रकाशानंतर शौल आंधळा झाला आणि तीन दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिला. त्याला दृष्टी लाभली ती हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याच्या हातून. हा हनन्या काही आनंदाने निघाला नव्हता. या मनुष्याने तुझ्या लोकांचा किती छळ केला आहे, हे त्याने प्रभूलाच ऐकवले. तरीही तो गेला, शौलावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली.

सेमिनरीत पौलाच्या पत्रांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालतो. हनन्याच्या वाट्याला एखादा तास येतो. मला मात्र वाढत्या वयाबरोबर हनन्याच अधिक जवळचा वाटू लागला आहे. त्याला कारण आपल्याच देशात घडलेली एक घटना.

मध्य प्रदेशातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया ही केरळची धर्मभगिनी गोरगरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने दुसऱ्यांच्या चिथावणीवरून तिला भोसकून ठार केले. तिच्या देहावर 50 हून अधिक जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात त्याच्या अंतरी सूडच धुमसत होता. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग 2002 साली रक्षाबंधनाच्या निमित्ताने राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि जो हात आपल्या बहिणीवर उठला, त्याच हाताला तिने राखी बांधली. केरळच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या स्त्रीने माळव्यातील माणसाला समजेल अशा खुणेने क्षमा द्यावी, याचे मला विशेष वाटते. लॅटिन प्रार्थनेने हे साधले नसते.

समंदरसिंग पालटला. 2006 मध्ये त्याची सुटका झाली, तीही त्या कुटुंबाच्याच विनंतीला मान देऊन. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले, तेव्हा तो तेथे उपस्थित होता. मात्र तुरुंगाच्या दाराशी पोहोचण्याआधी सिस्टर सेल्मीच्या मनाला किती वाट तुडवावी लागली असेल! परिवर्तन आधी तेथे घडले.

हे सारे मी एकदा प्रवचनात सांगितले. मिस्सा संपल्यावर एक आई सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा काही वर्षांपूर्वी रस्त्यावरील अपघातात गेला. ज्याच्या गाडीखाली गेला, तो शेजारच्या गावचा. बराच वेळ ती पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "फादर, त्या मुलीच्या आईचे काय?"

"त्या माउलीनेही त्याला क्षमा केली," मी म्हणालो. "त्याच्या हातांचे चुंबन घेतले."

ती गप्प झाली. नंतर हळूच म्हणाली, "मला तेवढे जमायचे नाही. पण त्याच्या घरी जायचे झाले, तर हातात काय न्यावे?"

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही दोघे जायचे ठरले.