साईड मिळाली म्हणजे रस्ता मिळाला असे नव्हे

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांतल्या रस्त्यांचे रूप पालटते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस आणि त्यामागे मोटारसायकलींची रांग. कोणी एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला निघालेला, कोणी गवंडीकामाला, कोणी बहिणीला परीक्षेला सोडायला. आपल्या वस्त्यांत एके काळी सायकलसुद्धा मोजक्या घरी असायची. आज हप्त्याने का होईना, दारोदार मोटारसायकल उभी आहे आणि घर तिच्यावर चालते आहे. म्हणून पुढचे वाहन ओलांडण्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे आम्हांला वाटले.

खरे कारण वेगळेच आहे. आम्ही नोकरीने कारकून, त्यामुळे अपघात झाला की घरची मंडळी फिर्यादीची नक्कल, पंचनामा, विम्याचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. आजवर असे जे पंचनामे वाचले, त्यांतले कितीतरी ओव्हरटेकचे होते. जागेच्या नकाशात मोटारसायकल मध्यरेषेच्या उजव्या बाजूला पडलेली दाखविलेली असते. ही एवढीशी खूण पुढे फार महाग पडते. मरणाऱ्याचीही चूक होती असे न्यायाधिकरणाने धरले, तर भरपाईतून तेवढा हिस्सा वजा होतो. एका आईने आम्हांला विचारले होते, "भाऊ, पोरगं तर गेलंच, आता पैसं कापत्यात ते कशाचं?" काय उत्तर देणार?

आम्ही बी.कॉम. झालेले, हिशेबाची खोड आहे. तोच हिशेब येथे मांडतो. समजा ट्रक ताशी ५० किलोमीटरने चालला आहे आणि आपण ६५ ने त्याला ओलांडतो आहोत. फरक फक्त १५ चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. ट्रकची लांबी १० मीटर, मागचे अंतर १५ आणि पुढे जाऊन सुरक्षित डावीकडे यायला आणखी १५, असे ४० मीटर कापायला साडेनऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपण रस्त्यावर १७० मीटर पुढे जातो आणि समोरून ८० ने येणारी जीप २१० मीटर जवळ येते. म्हणजे निघताना समोर ३८० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. विजेच्या खांबांत साधारण पन्नास मीटरचे अंतर धरले, तर सात-आठ खांब. आपली मुले दोन-तीन खांब मोकळे दिसले की कान पिळतात.

उसाच्या ट्रॉलीचा हिशेब याहून सोपा आहे, कारण ती वीसच्या वेगाने रांगते. तिच्यामागे पुढची मोकळी जागा येईपर्यंत दोन किलोमीटर जावे लागले, तर सहा मिनिटे लागतात. पन्नासने गेलो असतो तर अडीच लागली असती. तोटा साडेतीन मिनिटांचा. तेवढ्याने कोणत्याही गेटवर खाडा पडत नाही. पडत असेल तर घरून लवकर निघावे, हे आम्ही तोंडावर सांगतो आणि मुलांचा राग ओढवून घेतो.

ट्रकचा ड्रायव्हर हात दाखवितो, 'जा' म्हणतो. तो भला माणूस असेल, पण तो त्याच्या काचेतून पाहतो, आपल्या डोळ्यांनी नव्हे. आणि इंडिकेटरचा तर घोळच आहे. उजवा दिवा लागला तर तो वळणार आहे, की 'येऊ नकोस' म्हणतो आहे, हे कळायला मार्ग नाही. दोन्हींचा अर्थ आपल्यापुरता एकच, थांबायचे. त्याच्या आरशात त्याचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, हे पक्के धरावे. शेपटाला चिकटून चालले की पुढचा रस्ता झाकतो. थोडे मागे राहिले तर जास्त दिसते. निघण्याआधी गिअर एक खाली घ्यावा, आरसा पाहून मान वळवून उजवीकडे मागे नजर टाकावी आणि मगच बाहेर पडावे. आरसे काढून फिरणाऱ्या शौकिनांना काय सांगावे! पुढचा स्वतःच कोणाला ओलांडत असेल, तर त्याच्या मागोमाग घुसू नये. २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांतही हे आहे, आणि ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये, हेही आहे.

डावीकडून एसटी ओलांडणारे बहाद्दर पुष्कळ. एसटीचे दार डावीकडे असते. एखादी म्हातारी पिशवी घेऊन उतरते, तेव्हा ती मागून येणाऱ्या गाडीकडे पाहत नाही. शिवाय साईडपट्टी खचलेली असली की डांबराच्या कडेवरून उतरलेले चाक परत चढताना गाडी आडवी होते.

रात्री समोरून एकच दिवा दिसला तर ती मोटारसायकलच असेल असे समजू नये. एक दिवा गेलेला ट्रकही असू शकतो.

डबलसीट असताना पिकअप कमी होतो, ब्रेकलाही अंतर जास्त लागते. वर दिलेला हिशेब एकट्याचा आहे, दोघांसाठी खांब वाढवावेत. मागे बसणाऱ्या ताई-वहिनींनीही पदर नीट खोचावा, हेल्मेट घालावे, आणि ओलांडताना घाबरून एका बाजूला कलू नये. त्यांना आमचे आणखी एक सांगणे आहे. "हळू चालवा" म्हणण्यापेक्षा "जाऊ द्या त्याला पुढे" म्हणावे. पुरुषमंडळी ते थोडे लवकर ऐकतात.

अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकण्याचे प्रकारही थोडे नाहीत, कारण पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. आमच्या वस्तीतल्या मुलांनी गेल्या हंगामात वर्गणी काढून लाल चकाकणारी पट्टी आणली आणि कारखान्याच्या अड्ड्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना रात्री चिकटविली. ट्रॅक्टरवाले चिडतील असे वाटले होते. तर त्यांच्यातलाच एक बीडकडचा गडी खाली उतरून म्हणाला, "दादा, माझ्या मागच्या ट्रॉलीलाबी लावा की." पट्टी पहाटे चारपर्यंत पुरली. या वर्षी दुप्पट आणायची आहे, वर्गणीची वही आमच्याकडेच आहे.