एकास सदतीस

जुनी पेट्रोल सीजे-३बी. विलीजचा परवाना घेऊन महिंद्राने मुंबईत बनवलेली जीप. तिचा सांगाडा घरामागच्या शेडमध्ये उभा करणारा हौशी माणूस आधी इंजिनाच्या प्रेमात असतो. खडक चढायची वेळ आली की कळतं, कस लागतो तो गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या लोखंडाचा.

हिशेब सरळ आहे. पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्स्फर केसचा लो २.४६, क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार ३७ च्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या सदतीस फेऱ्यांना चाकाची एक. मोठे टायर चढवले की यातला बराच फायदा गुपचूप जातो. टायरच्या दुकानात हे कोण कशाला सांगेल?

खरी परीक्षा डिफरन्शिअलची. पिनियनमागे शिम घाला, बेअरिंग दाबा, डायल गेजने दातांमधली फट मोजा, दातांना पेस्ट लावून क्राउन हाताने फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर उमटला तर ठीक. कडेला सरकला की सगळं पुन्हा खोला. कागदाएवढ्या शिमपायी अख्खा रविवार जातो. घाईत बसवलेली जोडी पुढे रस्त्यावर रडत राहते.

लॉकरचा मोह मात्र आवरावा, निदान पुढच्या अ‍ॅक्सलला. स्टिअरिंग जड होतं, शाफ्टवर ताण वाढतो.

शिवाय या ट्रान्स्फर केसला मधलं डिफरन्शिअल नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळलं की शाफ्टमध्ये पीळ साठतो, लिव्हर हलेनासा होतो. जाणता ड्रायव्हर अशा वेळी लिव्हरशी झटापट करत नाही. गाडी थोडी रिव्हर्स घेतो.