धाव

टायर विकत घ्यायला माणसाला किती दिवस लागावेत? मोटारीचे असतील तर एक सकाळ पुरते. दुकानात जावे, किल्ली हवाली करावी, तिथली कडवट कॉफी पीत जुनी मासिके चाळावीत आणि शेवटी बिल पाहून एक सुस्कारा टाकावा, झाले काम. पण गेल्या वसंतात माझ्या जुन्या ट्रॅक्टरसाठी दोन टायर निवडायला मला चांगले तीन महिने लागले. घरात याची थट्टा झाली नसती तरच नवल. "मला पाहायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार कळवलात," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि या रबरासाठी तीन महिने! हाच विचार तेव्हा केला असतात तर—" पुढचे वाक्य त्यांनी हसण्यावारी सोडून दिले.

ट्रॅक्टर म्हटले की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे धूड डोळ्यांपुढे उभे राहील. तसले काही नाही. माझा ट्रॅक्टर बागेतला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर एकर-दोन एकरांची घरे झाली. त्या जमिनीला शेत म्हणवत नाही आणि अंगणही म्हणवत नाही. तिच्या मापाचे हे यंत्र. गवत कापते, लहानसा नांगर ओढते, हिवाळ्यात बर्फ लोटते. मोठ्या ट्रॅक्टरपुढे ते बैलापुढच्या वासरासारखे दिसते. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी केंटकीतल्या लुइव्हिल येथे असले ट्रॅक्टर बनवी. माझा 'कब कॅडेट १००' त्यांतलाच. एका सिलिंडरचे दहा अश्वशक्तीचे एंजिन आणि पिवळा-पांढरा रंग. १९६३ ते १९६५ या काळातला, म्हणजे वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी धाकटा. प्रकृतीने मात्र माझ्यापेक्षा खणखणीत.

तो मला मिळाला १९८६ साली. ओहायओत अॅक्रनपासून जवळच आम्ही दीड एकराचे घर घेतले. शेजारी एक म्हातारा राहत असे. त्याचा सारा जन्म टायरच्या कारखान्यात गेला होता. अॅक्रन ही तेव्हा जगाची रबराची राजधानी म्हणवली जाई. गुडइयर कंपनी १८९८ मध्ये इथेच निघाली आणि फायरस्टोन १९०० मध्ये. गंमत अशी की, ज्या चार्ल्स गुडइयरच्या नावाने ती कंपनी निघाली त्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती त्याला १८३९ मध्ये सापडली आणि १८६० मध्ये तो कर्जात बुडालेला असताना वारला. मी घर घेतले तोवर अॅक्रनमध्ये मोटारींचे टायर बनणे जवळजवळ थांबले होते. म्हाताऱ्याला त्याचे दुःख होते, पण तो ते बोलून दाखवीत नसे. कोणतीही गाडी दारात आली की वाकून आधी तिचे टायर पाही, एवढेच.

त्याने तो ट्रॅक्टर मला तीनशे डॉलरला दिला आणि देतानाच बजावले, "मागचे टायर लवकर बदल." टायर शेतीचे होते, तिरक्या जाड पट्ट्यांचे, आणि पट्ट्या झिजून बोटभरच उरल्या होत्या. मी म्हटले, "पाहू पुढच्या वर्षी."

हे 'पुढच्या वर्षी' परदेशी गेलेल्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या परिचयाचे असेल. मी १९७५ मध्ये आलो तो पाच वर्षांसाठी. मग मुलाची शाळा आली, मग घराचे हप्ते आले. पण बेत कायम होता. पुढच्या वर्षी परत जायचे, कऱ्हाडजवळच्या गावी कृष्णेच्या काठी वाट्याला आलेली जमीन करायची. जो पुढच्या वर्षी जाणार, त्याने नवे टायर कशाला घ्यावेत? मी ठिगळे लावली. रिमच्या कडा गंजून हवा धरीनात, तेव्हा आत ट्यूब घातल्या. ट्यूब फुटल्या, तेव्हा त्यांना ठिगळे लावली. म्हातारा हे सारे कुंपणापलीकडून पाही आणि मान हलवी. २००१ मध्ये तो गेला, तेव्हाही ते टायर तसेच होते. अशी अडतीस वर्षे काढली.

गेल्या मार्चमध्ये मात्र पर्याय उरला नाही. डाव्या टायरच्या बगलेला पडलेल्या चिरांतून आतले दोरे दिसू लागले. मला आश्चर्य वाटले, कारण हल्ली गुडघ्यांमुळे मी ट्रॅक्टर फारसा काढतच नव्हतो. वापर कमी, मग झीज का? तेव्हा म्हाताऱ्याने एकदा सांगितलेली गोष्ट आठवली. हवेत ओझोन नावाचा वायू किंचित असतो, तो ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. म्हणून रबरात एक प्रकारचे मेण मिसळतात. टायर फिरताना दबतो आणि सुटतो, तसे ते मेण हळूहळू वर येऊन रबरावर पातळ थर धरते. उभ्या टायरला तो थर नीट मिळत नाही. चालणारा टायर झिजून मरतो आणि उभा असलेला तडकून. कुठे जायचे ते ठरत नाही म्हणून जागच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाने ऐकावी अशी ही गोष्ट नव्हे, पण तेव्हा मी ती रबराची म्हणूनच ऐकली होती.

मग शोध सुरू झाला. टायरवर २३ × ८.५० – १२ असे आकडे होते. पहिला आकडा उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा रिमच्या व्यासाचा, सगळे इंच. पण एकच आकडे छापलेले दोन कंपन्यांचे टायर मोजले तर उंचीत थोडाफार फरक निघतो. म्हणून मागची चाके जोडीनेच बदलावी लागतात. एक उंच आणि एक बुटका बैल एका जुवाला जुंपला तर गाडी जशी चालेल तसेच इथे होते. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दातेरी चाकांना सरळ रस्त्यावरही एकसारखी उसाभर करावी लागते. शिवाय फार उंच टायर घेतला तर तो पंख्याला घासतो.

माप ठरले तरी नक्षीचा प्रश्न राहतोच, आणि खरी मेख तिथेच आहे. एक शेतीचा टायर. त्याच्या तिरक्या पट्ट्या भाल्याच्या टोकासारख्या मध्ये भेटतात. ते टोक आधी जमिनीला टेकेल असे चाक बसवावे लागते, म्हणजे चिखल दोन्ही बाजूंना फेकला जातो. चाक उलटे बसवले तर पकड जाते. नांगरटीला हा उत्तम. पण हिरवळीवर वळला की गवत मुळासकट उपटतो. दुसरा हिरवळीचा. रुंद, चपट्या ठोकळ्यांचा, गवतावर अलगद चालणारा. ओल्या मातीत मात्र ठोकळ्यांमधल्या फटी बुजतात आणि चाक जागीच गरगरते. तिसरा या दोहोंमधला, कडक जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी. बर्फात आणखी निराळेच. बर्फावर साखळ्या लावाव्या लागतात. हिरवळीच्या टायरवर त्या नीट बसतात. शेतीच्या टायरवर त्यांचे आडवे दुवे पट्ट्यांच्या खाचांत जाऊन पडतात.

दुकानदाराने आणखी एक विषय काढला. चाकाला वजन यावे म्हणून टायरमध्ये पाणी भरतात. ते गोठू नये म्हणून पूर्वी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालीत. पण ते गळले की रिम खाऊन टाकते. आता साखर काढून झाल्यावर बीटचा जो दाट रस उरतो तो भरतात. त्याने गंज चढत नाही. त्याने मला बरणीतला थोडा रस हातावर दिला. मी हुंगला, आणि त्या दुकानात उभ्याउभ्या मला उसाच्या कारखान्यामागची मळी आठवली. मग काय, ट्रॅक्टर बाजूला राहिला आणि मी गावी जाऊन पोहोचलो.

आमच्या लहानपणी टायर हा शब्द गावात नव्हता. होती ती धाव. लाकडी चाकावर चढवायचे ते लोखंडी कडे म्हणजे धाव. उन्हाळ्यात सुतार आणि लोहार मिळून ती बसवीत. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असे. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची, म्हणजे फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि घणाने ठोकून लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज होई, वाफ उठे, आणि थंड होताना धाव आवळली की चाकाचे आरे तुंब्यात करकचून बसत. उन्हाने लाकूड आक्रसून धाव सैल झाली, तर वडील गाडी कृष्णेच्या पात्रात नेऊन उभी करीत. चाके पाणी पिऊन पुन्हा फुगत. तोवर आम्हां मुलांचे पोहणे होई.

मग कारखान्याला ऊस घालायला टायरच्या गाड्या आल्या. तेवढ्याच बैलांना त्यांवरून कितीतरी जास्त ओझे ओढवे. वडिलांनी दोन हंगाम टाळाटाळ केली. "धाव झिजते ती दिसते. रबर आतल्या आत कधी मरेल, सांगता यायचं नाही," असे ते म्हणत. शेवटी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून टायरगाडी केलीच. पहिल्या खेपेला निघताना त्यांनी थांबून मागे पाहिले होते. लोखंडी चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेली चाकोरी समोर होती, आणि नव्या गाडीची रुंद चाके तिच्यात मावत नव्हती. ते काही बोलले नाहीत. बैलांना हाळी दिली आणि चाकोरीच्या बाजूने गाडी हाकली.

दुकानातून घरी परतलो तो शेतीचेच टायर घ्यायचे असे मनाशी ठरवून. ट्रॅक्टर म्हटला की त्याला नांगराचा टायरच शोभतो, असे मी सौभाग्यवतींना पटवू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अहो, वर्षातून दोन दिवस तुम्ही नांगरता, तेही माझ्या मेथी-वांग्यांच्या वाफ्यापुरतं. सहा महिने गवत कापता. हे टायर नेमके कुठं चालवायचेत? इथं, की कृष्णाकाठी?"

मी गप्प बसलो. कृष्णाकाठी आता चालवायला काही उरले नव्हते. २००९ मध्ये मी पुतण्याच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले होते. सही करताना हात कापला नाही, कारण मनातला बेत त्या कागदाबाहेर होता. तो या दोन झिजक्या टायरांत होता. ते आहेत तोवर मी इथे तात्पुरता होतो. ठिगळ लावणारा माणूस वाटेतच असतो. नवी जोडी घेणारा पोहोचलेला असतो. मी तीन महिने नक्षी निवडत नव्हतो, तर पोहोचल्याची कबुली पुढे ढकलीत होतो.

आणि नांगराचे म्हणाल, तर त्याचे उत्तर वडिलांनी आणि म्हाताऱ्यानेही देऊन ठेवलेच होते. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण पाऊस झाल्यावर दोघेही मूठभर माती घेऊन दाबून पाहत. गोळा नुसत्या बोटाने फुटला तर औत घालायचे, नाहीतर घरी जायचे. वापसा आलेला असला की हिरवळीचा टायरही नांगर ओढतो. वापसा नसला तर नांगराचा टायर लावूनही शेताचे नुकसानच. एवढे साधे होते ते.

मी हिरवळीचे टायर मागवले. जूनच्या एका शनिवारी मुलगा मदतीला आला. जुने टायर रिमपासून सोडवता सोडवता दुपार झाली. रिम घासल्या, रंगवल्या. नव्या टायरच्या काठाला साबणाचे पाणी लावून हवा भरली. काठ सरकत सरकत गेला आणि 'फट्' असा आवाज करून रिमवर बसला. धाव आवळून बसे, हा फुगून बसला. मग हवा कमी करून दहा पौंडांवर आणली. हिरवळीला तेवढीच पुरे.

"बाबा, किती वर्षं टिकतील हे?" मुलाने विचारले.

"नीट वापरले तर वीस, असं दुकानदार म्हणाला."

त्याने मनातल्या मनात माझ्या वयात वीस मिळवले असावेत, कारण तो एकदम पाना शोधू लागला. मीच म्हटले, "अरे, उभा ठेवू नकोस म्हणजे झालं. उभा राहिला की तडकतो."

संध्याकाळी मी गवतावर पहिली फेरी मारली. कुंपणापर्यंत जाऊन सवयीने मागे वळून पाहिले. इतकी वर्षे ओल्या गवतावर तिरक्या पट्ट्यांची रांग उमटत असे. या वेळी काही उमटले नव्हते. दबलेले गवत हळूहळू उभे राहत होते. पायरीवर बसलेल्या सौभाग्यवतींनी हात केला. मी गियर बदलला आणि पुढची फेरी धरली.